नांगरटीची शर्यत: आधी कोण पोचलं ते नव्हे, तास कसं पडलं ते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयर्लंड-इंग्लंडात शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपल्याकडची मुलं तिथल्या शेती मेळाव्यातले व्हिडिओ अधूनमधून घरी पाठवतात. मेंढ्या वळवणारी कुत्री, लोकर कातरणं, लाकूड तोडणं हे पाहताक्षणी कळतं. एका खेळापाशी मात्र घरचे अडतात. धसकटाच्या रानात पंधरा-वीस ट्रॅक्टर ओळीनं लागलेले असतात. चालक वीस पावलं ट्रॅक्टर नेतो, थांबवतो, उतरतो, टेपनं मातीची रुंदी मोजतो, पाना काढून कुठलासा नट पाव आटा फिरवतो आणि पुन्हा वर चढतो. बांधावर शे-दोनशे माणसं चिडीचूप उभी असतात. ‘ट्रॅक्टर बिघडलाय का?’ असं कुणी विचारलं तर त्याचं काही चुकत नाही. ती नांगरणीची स्पर्धा असते आणि तिथे घाई करणारा हरतो.

शेतातली चढाओढ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वेग येतो. शंकरपट, बैलगाडा यांचं सोडाच, रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात चिखलात बैलांच्या नांगरणी स्पर्धा होतात, गावठी आणि घाटी जोड्यांचे गट असतात, त्यांचाही निकाल सेकंदांवर लागतो. त्या स्पर्धांना नावं ठेवण्यासाठी हे पत्र नाही. चिखलात जोडीमागे धावताना नांगर सांभाळणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण तिथे मागे पडलेलं तास, म्हणजे नांगरानं काढलेला चर आणि त्याच्या अंगाला उलटलेली माती, कुणी वाकून पाहत नाही. आयर्लंडमधल्या स्पर्धेत फक्त तासच पाहतात. आपल्या कृषी प्रदर्शनांनी या खेळाला जागा द्यावी असं आम्हाला वाटतं, म्हणून तो नेमका कसा चालतो ते थोडं खोलात जाऊन लिहितो.

आयर्लंडमधली राष्ट्रीय स्पर्धा १६ फेब्रुवारी १९३१ रोजी किल्डेअर परगण्यातल्या अथाय गावाजवळ पहिल्यांदा भरली. जे. जे. बर्गिन आणि वेक्सफर्डचे डेनिस ॲलन या दोन मित्रांचा कुणाच्या भागातले नांगरे सरस यावरून वाद झाला आणि त्यातून ही पैज उभी राहिली. पहिल्या वर्षी नऊ परगण्यांचे नांगरे उतरले, तेही घोड्यांचे नांगर घेऊन. आता हा तीन दिवसांचा मेळा आहे आणि २०१९ साली कार्लो परगण्यात तो भरला तेव्हा सुमारे २ लाख ९७ हजार माणसं येऊन गेली. घोड्यांचा गट अजून आहे, जुन्या ट्रॅक्टरांचा आहे, बायकांचा वेगळा गट आहे, आणि ‘लॉय’ नावाच्या लांब दांड्याच्या, एका बाजूला पाय ठेवायला जागा असलेल्या फावड्यानं रान उकरण्याचाही आहे. जागतिक स्पर्धा १९५३ साली कॅनडातल्या कोबर्गला सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद यजमानांच्याच जेम्स एकल्स यांनी घेतलं. आयर्लंडला पहिलं जागतिक विजेतेपद १९६४ साली चार्ली कीगन यांनी ऑस्ट्रियात मिळवून दिलं. इतिहास एवढा पुरे.

आता रानात उतरू. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एकाच बाजूला माती टाकणाऱ्या दोन फाळी नांगराचा गट आधी घेतो, कारण त्यात कसब सगळ्यात जास्त उघडं पडतं. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद पट्टी येते, आपल्या भाषेत जवळजवळ २० गुंठे. पट्टी चिठ्ठी टाकून मिळते. जागतिक पातळीवर एक दिवस धसकटाचं रान आणि एक दिवस गवताचं रान असं दोन्हींत नांगरावं लागतं. पहिल्या फोडीला, म्हणजे रान उघडणाऱ्या सुरुवातीच्या चराला, २० मिनिटं आणि उरलेल्या पट्टीला २ तास ४० मिनिटं मिळतात. अर्ध्या एकराला तीन तास! आपल्याकडचा भाड्याचा ट्रॅक्टर तेवढ्या वेळात दीड-दोन एकर उरकून पुढच्या बांधावर गेलेला असतो.

ही पहिली फोड म्हणजे निम्मी स्पर्धा. चालक पट्टीच्या दूरच्या टोकाला एक काठी रोवतो, मध्ये एक रोवतो, आणि जवळच्या टोकाला उभं राहून त्या एका ओळीत आणतो. ट्रॅक्टरवर बसल्यावर बॉनेटच्या मधोमध नजर धरली की पुढची काठी मागच्या काठीला झाकते आणि दोन्ही मिळून एकच दिसते. जोवर एक दिसते तोवर रेघ सरळ. दोन दिसायला लागल्या की बोटभर सरकलोच. अशा वेळी नवखा स्टिअरिंग झटक्यानं वळवतो आणि तिथे रेघेला कायमची वाकण पडते. जाणता चालक पुढच्या दहा-पंधरा मीटरमध्ये हळूहळू दुरुस्ती करतो. मागे वळून पाहायचं नाही, हा नियम लिहिलेला कुठे नसतो, पण वळलेली मान रेघेत उमटते.

फोडीच्या एका फेरीत माती उजवीकडे पडते आणि परतीच्या फेरीत दुसऱ्या अंगाला, त्यामुळे मध्ये चार-पाच बोटं खोलीचा उथळ चर तयार होतो. खोल जायचं नसतं, पण तळातली जमीन सबंध कापलेली हवी. बोटभर पट्टी न कापता राहिली तर त्या जागी गवताची मुळं जिवंत राहतात. आपल्याकडे हरळीच्या रानात असंच होतं. वरून काळंभोर दिसतं आणि पंधरा दिवसांनी सरळ रेषेत हरळी फुटते. फोड झाली की सगळे ट्रॅक्टर थांबतात. पंच प्रत्येक चरात चालत जाऊन गुण टाकतात आणि मगच पुढचं काम सुरू होतं.

त्यानंतर बाहेर टाकलेली माती पुन्हा मध्ये ओढून घ्यायची. दोन्ही बाजूंनी तासं एकमेकांवर टेकवत गेलं की मध्ये वरंब्यासारखा माथा उभा राहतो. इथली खोच अशी की माथा दिसला पाहिजे, पण तो बाकीच्या नांगरटीपेक्षा उंच नको. उंच झाला तर पुढे पेरणीयंत्र तिथे उडी मारतं आणि बी वर राहतं. म्हणून पहिली फेरी उथळ, दुसरी थोडी खोल आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला पूर्ण खोली असं टप्प्याटप्प्यानं जावं लागतं. दर फेरीला खोली बदलली की नांगराची पातळी बदलते, आणि व्हिडिओतला चालक सारखा उतरून पाना चालवतो तो याचमुळे. पहिल्या फेरीत ट्रॅक्टरची दोन्ही चाकं न नांगरलेल्या जमिनीवर असतात. दुसऱ्या फेरीपासून उजवं चाक तासात उतरतं. चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि तास २० सेंटिमीटर खोल धरलं तर ट्रॅक्टर सात-आठ अंश कलतो. तेवढाच नांगर उलट्या बाजूला सरळ करून घेतला नाही, तर एक फाळ खोल जातो आणि दुसरा जमीन नुसती खरवडतो.

हा दोष ओळखायला पंच असावं लागत नाही. नांगरलेल्या रानाच्या टोकाला उभं राहून आडवं पाहावं. सगळी तासं सारख्या उंचीची दिसली तर नांगर जुळलेला आहे. एक उंच, एक बसकं, पुन्हा एक उंच अशा जोड्या दिसल्या तर पुढचा आणि मागचा फाळ वेगवेगळं काम करताहेत. कारणं दोन-तीनच असतात. टॉप लिंक, म्हणजे ट्रॅक्टर आणि नांगर जोडणारा वरचा दांडा, आखूड झाली की नांगर नाकावर चालतो, पुढचा फाळ खोल शिरतो आणि मागचा उचलला जातो. टॉप लिंक लांब झाली की नांगर टाचेवर बसतो, जमिनीत शिरायला मागत नाही आणि मागचा फाळ खोल राहतो. उंची सारखी असून रुंदी जोडी-जोडीनं बदलत असेल, तर पुढच्या फाळाची कापाची रुंदी चुकलेली असते आणि ती आडव्या दांड्यावरून जुळवायची असते. आपल्याकडे याऐवजी हमखास काय होतं? ‘फाळ झिजले’ म्हणून नवे फाळ बसवतात. नव्या फाळांनीही तेच होतं, मग नांगराच्या कंपनीला शिव्या.

टॉप लिंकचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरमागे जे तीन टेकूंचं जोडकाम असतं, ते रूढ करणारे हॅरी फर्ग्युसन १८८४ साली आयर्लंडच्याच काउंटी डाउनमध्ये जन्मले. त्यांच्या या जोडणीचा ट्रॅक्टर १९३६ साली कारखान्यातून बाहेर पडला. आपल्याकडच्या मॅसी फर्ग्युसनमधलं फर्ग्युसन ते हेच. त्यांच्या योजनेतला ड्राफ्ट कंट्रोल नांगरावर पडणारी ओढ सारखी ठेवतो, खोली नव्हे. कडक जमीन लागली की नांगर थोडा वर येतो, भुसभुशीत लागली की खाली जातो. रोजच्या कामाला ते उत्तम, इंजिन गुदमरत नाही. पण ज्या रानात मध्येच मुरमाचा पट्टा आहे तिथे नांगरटीची खोली कमी-जास्त होते ती याच ड्राफ्ट कंट्रोलमुळे. स्पर्धेतले चालक म्हणून खोलीसाठी नांगराला लावलेल्या खोलीच्या चाकावर विसंबतात. हे चाक आपल्याकडच्या कित्येक नांगरांवरून पहिल्याच हंगामात काढून गोठ्यामागे टाकलेलं असतं.

नांगराचे दोन सुटे भाग तिथे जीव लावून जुळवतात आणि आपल्याकडे ते बहुतेक नांगरांना नसतातच. पहिला म्हणजे फाळापुढे फिरणारी धारदार चकती. तासाची भिंत उभी, चाकूनं कापल्यासारखी निघावी म्हणून ती असते. फाळाच्या धारेपासून ती दीड-दोन सेंटिमीटर न नांगरलेल्या अंगाला ठेवतात. आत घेतली तर फाळ स्वतःच भिंत फाडतो आणि माती पुन्हा तासात ढासळते. फार बाहेर गेली तर भिंतीला पायरी राहते. दुसरा भाग म्हणजे स्किमर, मुख्य फाळापुढे बसवलेला चिमुकला नांगर. वरचा चार-पाच सेंटिमीटरचा गवताचा कोपरा तो सोलून तासाच्या तळाला टाकतो आणि त्यावर मुख्य फाळाची माती येते. तो जास्त खोल लावला तर मातीची लाट मध्ये मोडते आणि खाली पोकळी राहते. कमी लावला तर दोन तासांच्या सांध्यातून गवताचे शेंडे डोकावतात. पंच नेमके हेच शेंडे शोधत फिरतात. पोकळी शोधायची त्यांची रीत साधी आहे: तासावर बूट ठेवून भार द्यायचा. पाय खचला तर गुण गेले. पोकळीत बियाला ओल मिळत नाही आणि उगवण तुटक होते, हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

वेग ताशी चार-सहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या चालीचा. त्याहून जोरात गेलं की मोल्डबोर्डवरून, म्हणजे माती उलटवणाऱ्या वाकड्या पात्यावरून, माती उलटण्याऐवजी फेकली जाते आणि तासाचा आकार जातो.

शेवट सगळ्यात अवघड. नियम असा आहे की आपला माथा आणि शेजारच्या स्पर्धकाचा माथा यांच्यामधली जमीन आपण संपवायची. एका बाजूला आपली रेघ, दुसऱ्या बाजूला परक्याची. त्याची रेघ वाकडी असेल तर ते दुखणंही आपल्या पट्टीत येतं. म्हणून दोन-तीन मीटर पट्टी उरली की चालक उतरतो आणि सुरुवातीला, मध्ये व टोकाला अशी तीन-चार ठिकाणी टेप लावतो. एका टोकाला २१० आणि दुसऱ्या टोकाला २२५ सेंटिमीटर आलं, तर पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत रुंद टोकाकडे काप किंचित मोठा घेऊन तो फरक मारायचा. एकाच फेरीत मारायला गेलं की त्या तासाची रुंदी डोळ्यांत भरते.

हिशेबही आधीच करून ठेवावा लागतो. १२ इंची दोन फाळांचा नांगर एका खेपेला २४ इंच जमीन उलटतो. उरलेली पट्टी २४च्या पटीत असेल तर चालक फसला. ती २४च्या पटीत अधिक १२ इंच हवी, कारण अखेरचं तास एकाच फाळानं उलटायचं असतं, तेव्हा दुसरा फाळ मोकळ्या तासातून नुसता चालतो. शेवटच्या दोन खेपांना नांगर वर घेत जायचा. मध्ये राहणारा चर अरुंद आणि उथळ हवा, तळात न कापलेली जमीन नको आणि चाकाची खूण एकापेक्षा जास्त दिसायला नको. हातानं किंवा पायानं माती सारखी करायला मनाई आहे, तसं केलं तर गुण कापतात. बांधावरून कुणी सल्ला ओरडलेलाही चालत नाही.

या मधल्या चराकडे आपल्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. एकाच बाजूला माती टाकणाऱ्या नांगरानं दर वर्षी त्याच जागी सुरुवात आणि त्याच जागी शेवट केला, तर पाच-सहा वर्षांत रानाच्या मधोमध पन्हळ तयार होते, तिच्यातून पाणी धावतं आणि वरची काळी माती ओढ्याला लागते. उपाय फुकटचा आहे: यंदा जिथे चर राहिला, तिथे पुढच्या वर्षी माथा काढायचा. बैलाच्या लोखंडी नांगराच्या काळात जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावत नव्हते, पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली. पण एकदा स्वीकारल्यावर तो लावायचा कसा, बैलांच्या उंचीप्रमाणे साखळी कुठे अडकवायची, हे गावोगाव लोक शिकले. ट्रॅक्टरच्या नांगराबाबत हे शिकणं झालंच नाही. ट्रॅक्टर शोरूममधून आला, नांगर दुकानातून आला आणि दोघांची गाठ थेट रानात पडली.

टोकाचंही थोडं सांगायला हवं. पट्टीच्या दोन्ही टोकांना ट्रॅक्टर वळवायला जागा सोडलेली असते आणि तिच्या सीमेवर उथळ रेघ मारलेली असते. नांगर त्या रेघेवरच जमिनीत घुसला पाहिजे आणि रेघेवरच बाहेर आला पाहिजे. दोन फाळ मागे-पुढे असल्यानं एकाच वेळी लिव्हर ओढून भागत नाही, क्षणभर अंदाज धरावा लागतो. सगळी टोकं एका ओळीत आली की पट्टी कात्रीनं कापलेल्या कापडासारखी दिसते. गुणांत याचा वेगळा रकाना असतो. बाकीचे रकाने म्हणजे फोड, माथा, तण गाडणं, मातीचा भरीवपणा, सारखेपणा, शेवट आणि सरळपणा. कुठल्याही रकान्यात इंजिनाची ताकद, ट्रॅक्टरची किंमत किंवा घड्याळ यांना गुण नाहीत. वेळ ओलांडली तर मात्र वजावट आहे.

हे सगळं आपल्याकडे जसंच्या तसं आणावं असं आम्ही म्हणत नाही. तिथली ओली, गवताच्या मुळांनी धरलेली माती पट्ट्यासारखी उलटते. आपलं काळं रान एप्रिल-मेमध्ये नांगरलं तर डोक्याएवढी ढेकळं निघतात. तिथे तासाचा आकार तपासणं म्हणजे दगडांच्या राशीत रांगोळी शोधणं. उन्हाळी नांगरटीचा उद्देशच वेगळा असतो, रान तापवणं. स्पर्धा घ्यायची तर सोयाबीन निघाल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये, रान वाफशावर असताना घ्यावी. वितीएवढ्या खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करावा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडावा. फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, थापटीसारखा बसला तर अजून दोन-तीन दिवस थांबावं. ओल्या रानात ट्रॅक्टर घातला तर तासाच्या तळाला चाकानं जमीन घट्ट होते आणि बक्षीस कुणाला मिळो, रानमालकाचं नुकसान ठरलेलं.

दुसरा बदल नांगराचा. आपल्याकडे आता दोन फाळी हायड्रॉलिक पलटी नांगर घरोघरी झालाय, तेव्हा गट पलटी नांगराचाच ठेवावा. जागतिक स्पर्धेतही तो स्वतंत्र गट आहे. यात टोकाला फाळ पलटवतात आणि जाता-येता सगळी माती रानाच्या एकाच अंगाला पडत जाते, त्यामुळे मधला माथाही नाही आणि मधला चरही नाही. पट्टी मात्र मुद्दाम एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद आखतात, म्हणजे काही तासं आखूड निघतात आणि ती नीट मिसळवणं हीच परीक्षा होते. आपली बहुतेक रानं निसर्गतःच तशी असतात, वेगळं काही आखायची गरजही पडणार नाही. पलटी नांगरात ठरलेलं दुखणं म्हणजे डावी आणि उजवी बाजू सारखी नसणं. एका बाजूचे फाळ बदलले आणि दुसऱ्या बाजूचे जुनेच ठेवले, किंवा पलटी मारल्यावर नांगर जिथे टेकतो तिथले दोन अडकणीचे बोल्ट सारखे नसले, तर जाताना एक नांगरट आणि येताना दुसरी अशी पट्टेरी चादर दिसते. स्पर्धेआधी अर्धा तास ठेवून प्रत्येकाला बाजूच्या रानात दोन खेपा मारून हे जुळवू द्यावं. टायरची हवाही तेव्हाच पाहावी. मागच्या दोन चाकांत हवा कमी-जास्त असली तर पातळी कितीही जुळवा, फरक राहतोच.

अर्ध्या एकराची पट्टी धरली तर दहा स्पर्धकांना पाच एकर रान लागतं. पाव एकरावरही भागतं, पण लांबी १०० मीटरच ठेवावी, रुंदी कमी करावी, कारण सरळपणाची परीक्षा लांबीत आहे. साहित्य म्हणजे टेप, प्रत्येकी तीन बांबूच्या काठ्या, चुन्याची फक्की, खोली मोजायला खुणा केलेली सळई आणि तीन पंच. पंचांनी गुण एकमेकांना न दाखवता लिहावेत. पंच कुठून आणायचे असं विचाराल, तर कृषी महाविद्यालयांत अवजारं शिकवणारे शिक्षक आहेत आणि प्रत्येक गावात नांगरटीवरून नजर न हलणारा एखादा म्हाताराही आहे. दोघांना जोडीनं बसवावं.

एका गोष्टीचा मात्र आग्रह धरावासा वाटतो. नाव चालकाचं नोंदवावं, ट्रॅक्टरमालकाचं नव्हे. आपल्याकडे नांगरट एकरी भाड्यानं चालते आणि जितके एकर जास्त तितके पैसे. हळू, नीट नांगरणाऱ्या चालकाला आज तोटाच होतो आणि त्याचं कसब शेतमालकाच्या लक्षातही येत नाही. प्रदर्शनात नांगर मांडवाखाली रंग चकाकत उभा असतो, विक्रेता त्याचं वजन आणि सबसिडी सांगतो, आणि तो जमिनीत कसा चालतो हे न पाहताच माणूस घरी आणतो. त्याच मांडवाच्या शेजारच्या पाच एकरांत दहा चालक तीन तास नांगरताना दिसले, तर निदान टॉप लिंक कशासाठी असते हे चार लोक विचारतील.

पट्ट्यांच्या टोकांची, वळायला सोडलेली जागा आयोजकांनी स्पर्धेनंतर स्वतः नांगरून द्यावी, नाहीतर पुढच्या वर्षी रान कुणी देणार नाही. आणि निकाल लागला म्हणून लगेच कुणाला रोटाव्हेटर घालू देऊ नये. पट्ट्यांवर नुसते क्रमांकाचे खुंट ठेवावेत, गुणांचे कागद बांधावर लावावेत आणि दिवस मावळेपर्यंत लोकांना त्या तासांतून चालत फिरू द्यावं.

आपले,
ट्रॅक्टर व अवजारांच्या कामातले दोन वाचक
पलूस तालुका, जि. सांगली